न्यू ब्रन्स्विक : दोन भाषांचा एक प्रांत



इतिहासावर बोलण्यासाठी कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावणे हे धाडसाचेच काम आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिताच्या तोंडून ऐकावे तसे काही माझ्याकडून मिळणार नाही. मात्र ज्या प्रांताविषयी आज बोलायचे आहे, त्याचा निम्माअधिक इतिहास सातवीच्या पुढे न गेलेल्या माणसांनीच घडवला आहे. एवढ्यापुरता माझा अधिकार मानून घ्यावा.

आमच्या अलिबागच्या खारेपाटातला एक तरुण खलाशी मालवाहू जहाजावर असतो. एकदा रजेवर आला तेव्हा म्हणाला, "काका, कॅनडात एक बंदर पाहिलं. तिथली नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते." मी हसलो. मग नकाशा काढला. बंदराचे नाव सेंट जॉन, प्रांताचे नाव न्यू ब्रन्स्विक. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी पाचएक मीटर चढते. सेंट जॉनला ते सात-आठ मीटर चढते आणि फंडीच्या उपसागरात आणखी आत गेले की बारा मीटरच्याही वर जाते. भरतीचा एवढा लोंढा नदीच्या मुखात घुसल्यावर नदीने मागे फिरावे यात नवल नाही. पण त्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात अडकून राहिली. "तिथं सरकारी पाटी दिसली की दोन भाषांत असते. इंग्रजी आणि फ्रेंच. आणि दोन्ही अक्षरं सारख्याच आकाराची."

सारख्याच आकाराची! आपल्याकडे 'द्वैभाषिक' हा शब्द उच्चारला की जुन्या मंडळींच्या कपाळावर आठी पडते. १ नोव्हेंबर १९५६ ते १ मे १९६० या काळात मराठी आणि गुजराती प्रदेश एका राज्यात कोंबून ठेवले होते. ते मोडण्यासाठी माणसांनी रक्त सांडले, आणि ते मोडले हे योग्यच झाले. मग एखादा प्रांत आपण होऊन द्वैभाषिक होतो, तो का? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी जे वाचले, त्यातले काही आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रांत आकाराने महाराष्ट्राच्या पावपट, सुमारे ७३ हजार चौरस किलोमीटर. २०२१ च्या शिरगणतीत लोकसंख्या भरली ७,७५,६१०. पाऊण भागाहून अधिक अरण्य. तीन बाजूंना समुद्राचे पाणी: दक्षिणेला फंडी, पूर्वेला सेंट लॉरेन्सचे आखात, ईशान्येला शालरचा उपसागर. वायव्येकडच्या ग्रँड फॉल्सपासून आग्नेयेच्या मॉन्क्टनपर्यंत एक तिरपी रेघ ओढली, तर ढोबळमानाने रेघेच्या वर फ्रेंच आणि खाली इंग्रजी, असे चित्र दिसते. फ्रेंच मातृभाषेचे लोक तीस टक्क्यांच्या आसपास आहेत. पण ही रेघ कुठेही सरळ जात नाही. मिरामिची नदीकाठी इंग्रजी बोलणारे आयरिश, त्यांच्या शेजारच्या खाडीत फ्रेंच कोळी, आणि मॉन्क्टन शहरात तर एकाच गल्लीत दोन्ही. तिथल्या पोरांनी दोन्ही भाषा कालवून 'शियाक' नावाची तिसरी बोली केली आहे. पंडित नाक मुरडतात, पोरे बोलतात. मुंबई राज्याचे दोन तुकडे करता आले, कारण मराठी मुलूख आणि गुजराती मुलूख वेगळे होते. इथे तशी सुरी चालवायला जागा नाही. १९७२ साली 'पार्ती अकादियें' नावाचा एक पक्ष निघाला आणि पुढे त्याने फ्रेंच भाषिकांसाठी वेगळ्या प्रांताची मागणीही केली. त्याला विधानसभेत एकही जागा कधी मिळाली नाही.

हे फ्रेंच भाषिक म्हणजे अकेडियन लोक. फ्रेंचांनी १६०४-०५ साली या किनाऱ्यावर पहिल्या वसाहती केल्या. नंतर आलेल्या शेतकऱ्यांनी जंगल तोडून जमीन काढण्याऐवजी समुद्राकडून जमीन घेतली, आणि इथे मला थोडे थांबलेच पाहिजे. भरतीखाली जाणाऱ्या खाजणाला त्यांनी मातीचा बांध घातला. बांधाच्या पोटात लाकडी नळ, नळाला बिजागरीचे झडप. ओहोटीला आतले गोडे पाणी झडप ढकलून बाहेर पडते. भरती आली की समुद्राचेच पाणी ते झडप दाबून बंद करते. दोन-तीन वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन निघाले की जमीन गव्हाला तयार. याला ते 'आब्वातो' म्हणतात. आता खारेपाटातल्या माणसाला विचारा, हे काय आहे? तो क्षणात सांगेल: ही तर आमची उघाडी! गोव्याच्या खाजणातला शेतकरी म्हणेल, ही आमची मानस. कोणी कोणाकडून शिकले नाही. भरती-ओहोटी आणि भूक या दोन गुरूंनी पृथ्वीच्या दोन टोकांना एकच धडा दिला. आणि अशा शेतीचा एक स्वभाव असतो. बांध एकट्याचा नसतो. रात्री खांड पडले तर साऱ्या गावाला कुदळ घेऊन धावावे लागते. अकेडियन माणूस एकमेकाला चिकटून राहिला, त्याचे कारण त्याच्या धर्माइतकेच या बांधातही आहे असे माझे मत आहे.

१७१३ च्या तहाने अकेडियाचा मोठा भाग इंग्रजांकडे गेला. इंग्रजांना या लोकांकडून राजनिष्ठेची बिनशर्त शपथ हवी होती. शेतकरी म्हणत, आम्ही तुमचे राज्य मानतो, पण फ्रान्सविरुद्ध शस्त्र धरणार नाही. चाळीस वर्षे हा घोळ चालला. जून १७५५ मध्ये कर्नल रॉबर्ट मॉन्क्टनने बोसेजूरचा किल्ला घेतला. जुलैअखेर हॅलिफॅक्सच्या कौन्सिलाने हद्दपारीचा निर्णय केला. आणि ११ ऑगस्टला मॉन्क्टनने आसपासच्या गावांतल्या पुरुषांना किल्ल्यात बोलावून घेतले. सुमारे चारशे आले. दारे लावून त्यांना सांगण्यात आले की तुमची जमीन आणि गुरेढोरे जप्त झाली आहेत. पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांच्या घरात माणसे जहाजांत भरून देशोधडीला लावली गेली. घरे जाळली. कित्येक हजार लोक बुडून आणि रोगांनी मेले. काही फिरत फिरत अमेरिकेतल्या लुइझियानात पोहोचले. तिथले 'केजन' ते हेच.

१७६४ नंतर परत येण्याची परवानगी मिळाली, पण बांध घातलेल्या सुपीक जमिनी दुसऱ्यांना वाटून झाल्या होत्या. आलेल्यांना मिळाला उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावरचा रेताड पट्टा. शेतकऱ्याचा कोळी झाला तो असा. आणि कोळी झाला म्हणजे व्यापाऱ्याच्या तावडीत सापडला. जर्सी बेटावरची रॉबिन कंपनी या किनाऱ्याची खरी मालक झाली. मासळी घ्यायची कंपनीने, मीठ, जाळे आणि पीठ उधार द्यायचे कंपनीच्याच दुकानातून, आणि हिशेबाची वही असायची कंपनीच्या कारकुनाजवळ. हंगाम संपला की कोळ्याच्या हातात रोकड नसे, पुढच्या वर्षाचे देणे असे. सावकारी पाशाचे हे वर्णन मी इथे लांबवत नाही. कोकणात ते कोणाला शिकवावे लागत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण तीही हद्दपारांचीच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जे इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिले त्यांना आपली घरे सोडावी लागली. १७८३ साली असे सुमारे चौदा हजार लोक या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यासाठी १७८४ मध्ये नोव्हा स्कोशियापासून तोडून न्यू ब्रन्स्विक हा निराळा प्रांत काढला. म्हणजे एका राजाने ज्यांना शपथ घेतली नाही म्हणून हाकलले, त्यांच्याच किनाऱ्यावर त्या राजघराण्याशी शपथ पाळणारे आणून बसवले. या राजनिष्ठांबरोबर काळे लोकही आले, काही गुलाम, काही स्वतंत्र. पण १७८५ च्या सेंट जॉन शहराच्या सनदेने काळ्या माणसाला शहरात धंदा करण्यास आणि बंदरात मासे मारण्यास मनाई केली. स्वतः घर गमावलेली माणसे दुसऱ्याला दार लावताना कचरत नाहीत, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

पुढे लाकडाचा आणि जहाजबांधणीचा काळ आला, आयर्लंडच्या दुष्काळात उपाशी माणसांनी भरलेली जहाजे आली. १८४९ साली सेंट जॉनमध्ये दोन गोष्टी घडल्या. जुलैत प्रॉटेस्टंट आणि कॅथॉलिक यांची दंगल होऊन किमान बारा माणसे मेली. आणि त्याच वर्षी गोदी कामगारांनी संघटना बांधून दहा तासांचा दिवस मागितला, व तो पाळला जावा म्हणून धक्क्यावर एक घंटा टांगली. काम सुरू आणि बंद व्हायचे ते त्या घंटेवर, मालकाच्या घड्याळावर नव्हे. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही घंटा दंगलीपेक्षा मोठी वाटते. इतिहासाची पुस्तके दंगलीला जास्त पाने देतात.

अकेडियन मात्र शंभर वर्षे मुकाट राहिले. १८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य झाले, त्यात न्यू ब्रन्स्विक संस्थापक चार प्रांतांपैकी एक. १८७१ च्या शाळा कायद्याने धार्मिक शाळांचे अनुदान बंद केले; फ्रेंच मुलांची शाळा चर्चच्याच आधाराने चालत असल्याने घाव त्यांच्यावर बसला. जानेवारी १८७५ मध्ये काराके गावात या प्रश्नावर दंगा झाला. एकोणीस वर्षांचा लुई मायू आणि जॉन गिफर्ड नावाचा एक शिपाई असे दोन्ही बाजूंचे दोघे ठार झाले. त्यानंतर सरकारने थोडी नमती तडजोड केली. १८८१ साली मेमरामकुकला अकेडियनांची पहिली परिषद भरली, १५ ऑगस्ट हा त्यांचा राष्ट्रीय दिन ठरला. होय, १५ ऑगस्ट. आपल्या आधी सहासष्ट वर्षे. १८८४ च्या परिषदेत झेंडा ठरला: फ्रान्सचा तिरंगा आणि त्यात एक पिवळा तारा. सभा, झेंडा, वृत्तपत्र, सारे आले. पण पोट रॉबिनच्या वहीतच होते. तिथून सोडवणूक सुरू झाली ती सहकारातून. १९३६ मध्ये पेति-रोशे गावी पहिली लोकपतपेढी निघाली, १९४६ मध्ये अशा पेढ्यांचा संघ झाला. कोळ्याच्या हिशेबाची वही प्रथमच कोळ्याच्या हातात आली, आणि ती फ्रेंचमध्ये होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९६० साली लुई रोबिशो नावाचा चौतीस वर्षांचा वकील प्रांताचा मुख्यमंत्री झाला. निवडणूक जिंकून त्या पदावर आलेला हा पहिला अकेडियन. लोकांना वाटले, हा आता भाषेचा कायदा आणणार. त्याने तो लगेच आणला नाही. आधी त्याने कर बघितले. त्या वेळी शाळा, दवाखाने, गरिबांना मदत, हे सारे पंधरा काऊंट्यांनी आपापल्या घरपट्टीतून चालवायचे. श्रीमंत काऊंटीत पक्की शाळा आणि शिकलेला मास्तर. गरीब काऊंटीत गळके छप्पर आणि तुटपुंज्या पगारावरची पोरसवदा मास्तरीण. गरीब काऊंट्या बहुतेक फ्रेंच, पण सगळ्या नव्हेत. इंग्रजी बोलणारी गरीब खेडीही याच चरकात होती. एडवर्ड बर्न यांच्या आयोगाने १९६३ मध्ये अहवाल दिला. 'सर्वांना समान संधी' या नावाने सुधारणा आल्या. १९६७ पासून काऊंटी मंडळेच रद्द झाली. शिक्षण, आरोग्य, न्याय आणि समाजकल्याण प्रांताने आपल्याकडे घेतले. सगळ्या प्रांतात कर एका मापाने आणि शाळा एका मापाची. विरोधकांनी ओरड केली की हा पीटरला लुटून पिएरचे घर भरतो आहे. प्रांतातला सर्वांत मोठा उद्योगपती के. सी. आयर्विंग याने या करसुधारणेला कसून विरोध केला. तेल शुद्धीकरण, कागद गिरण्या, जंगल सारे त्याच्या घराण्याचे, आणि १९७० पर्यंत प्रांतातली इंग्रजी दैनिकेही सगळी त्याचीच. तरी रोबिशो १९६७ ची निवडणूक जिंकला. दोन वर्षांनी, एप्रिल १९६९ मध्ये, दोन अधिकृत भाषांचा कायदा झाला. विधानसभेत तो एकमताने संमत झाला.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी शाळेचे छप्पर, मग शाळेची भाषा. मी हे प्रथम वाचले तेव्हा खूश झालो, कारण माझे पूर्वीपासूनचे मत हेच होते की भाषेचे भांडण हे पोट भरलेल्यांचे भांडण. कामगाराला आधी भाकरी द्या.

हे माझे मत अर्धवट होते, आणि ते मला माझ्याच एका चुकीने कळायला हवे होते. विशीच्या अखेरीस मी एका कारखान्यात युनियनचा प्रतिनिधी होतो. पगारवाढीचा करार झाला, इंग्रजीत टंकलेला, एकोणीस पानांचा. व्यवस्थापनाच्या माणसाने वाढीचे आकडे मराठीत वाचून दाखवले. आकडे चांगले होते. मी सोबत्यांना म्हणालो, सह्या करा. चौदाव्या पानावर एक कलम होते: वर्षातली हजेरी अमुक दिवसांपेक्षा कमी असेल त्याला मागची थकबाकी नाही. ज्यांची हजेरी कमी होती त्यांतले बरेच जण यंत्रावर हात दुखावून घरी बसलेले होते. चाळीसएक माणसांची थकबाकी गेली. एकानेही मला शिवी दिली नाही, एक म्हातारा एवढेच म्हणाला, "तुलाही वाचता आलं नाही, होय ना?" त्या दिवशी भाकरी आणि भाषा वेगवेगळ्या नव्हत्या. त्या एकाच कागदावर होत्या.

न्यू ब्रन्स्विकच्या फ्रेंच कामगाराला हे केव्हाच ठाऊक होते. मॉन्क्टनमधल्या दुकानात, कचेरीत, पोलिसासमोर त्याला परक्या भाषेत बोलावे लागे. फेब्रुवारी १९६८ मध्ये तिथल्या फ्रेंच विद्यापीठाचे विद्यार्थी मोर्चा घेऊन नगरपालिकेत गेले, तेव्हा महापौर लेनर्ड जोन्स यांनी त्यांना इंग्रजीत बोला म्हणून बजावले. नंतर दोन विद्यार्थ्यांनी महापौरांच्या दारात डुकराचे मुंडके नेऊन ठेवले. तो प्रकार मला मान्य नाही, पण तो का घडला ते समजते. जोन्स पुढे १९६९ च्या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७४ मध्ये हरले. कायदा झाला तरी त्याची सारी कलमे लागू व्हायला १९७७ उजाडले. १९८१ मध्ये दोन्ही भाषासमाज समान आहेत असा कायदा झाला, तोही दुसऱ्या, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या रिचर्ड हॅटफिल्ड यांच्या राजवटीत. १९९३ मध्ये ते तत्त्व देशाच्या राज्यघटनेत गेले. संपूर्ण प्रांत या अर्थाने द्वैभाषिक असलेला कॅनडात हा एकच.

याच सुमारास एक बाई साहित्यात अवतरली. बुक्तूश गावच्या आंतोनिन माये यांनी १९७१ मध्ये 'ला सागविन' नावाची स्वगते लिहिली. नायिका कोण, तर श्रीमंतांच्या फरशा पुसणारी, एका कोळ्याची म्हातारी बायको, आणि ती बोलते आपल्या अडाणी अकेडियन बोलीत. माये यांना १९७९ साली फ्रान्सचे गोन्कूर पारितोषिक दुसऱ्या एका कादंबरीसाठी मिळाले, कॅनडात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या. २०२५ मध्ये त्या वारल्या. गंमत अशी की तो उद्योगपती आयर्विंगही याच बुक्तूशचा. एकाच खेड्याने प्रांताला मालकही दिला आणि मोलकरणीची वाणीही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. द्वैभाषिक प्रांत म्हणजे सगळे लोक दोन्ही भाषा बोलतात असे नव्हे. २०२१ मध्ये दोन्ही भाषा येणारे लोक चौतीस टक्क्यांच्या आसपास होते, आणि त्यांत फ्रेंच भाषिकच जास्त. कायद्याचा हेतू उलटा आहे: सरकारने दोन भाषा शिकाव्यात, म्हणजे साध्या माणसाला एकच येत असली तरी चालेल. कारकुनाने दोन भाषा शिकायच्या. फरशी पुसणारीने नव्हे. अर्थात यावरही इंग्रजी भाषिकांची तक्रार आहे, की द्वैभाषिक नसल्यामुळे आमच्या मुलांना सरकारी नोकरी मिळत नाही. ही तक्रार सगळी खोटी म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. गिरणी बंद पडलेल्या गावात ती जास्त ऐकू येते. १९९१ मध्ये द्विभाषाविरोधी पक्षाने आठ जागा जिंकून प्रमुख विरोधी पक्षाचे स्थान मिळवले होते. चार वर्षांत तो मावळला, पण २०१८ मध्ये तशाच सुरातल्या दुसऱ्या एका पक्षाला तीन जागा मिळाल्या. मॉन्क्टन शहराने मात्र २००२ मध्ये स्वतःला अधिकृत द्वैभाषिक जाहीर केले. ज्या सेनानीने अकेडियनांना किल्ल्यात कोंडले त्याचेच नाव शहराला आणि १९६३ पासून त्यांच्या विद्यापीठालाही आहे. ते बदलावे की नाही, हा वाद अलीकडेही झाला.

रोबिशोचेही सगळेच उजळ नव्हते. त्याच्याच कारकिर्दीत, १९६९ मध्ये, कूशिबुगॅक येथे राष्ट्रीय उद्यानासाठी दोनशेहून अधिक कुटुंबे उठवली गेली, बहुतेक अकेडियन कोळी. जॅकी व्होतूर नावाच्या कोळ्याने जागा सोडली नाही; घर पाडले तरी परत आला आणि २०२१ मध्ये मरेपर्यंत भांडत राहिला. उरण-पनवेलकडच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको.

आणि शेवटी ते, ज्यांच्यापासून सुरुवात करायला हवी होती. मिगमॉ, वोलास्तोकी आणि पेस्कोतोमुकाती हे या भूमीचे मूळ लोक. अठराव्या शतकात इंग्रजांनी त्यांच्याशी शांतता आणि मैत्रीचे तह केले. त्या तहांत जमीन विकल्याचे कुठे लिहिलेले नाही. त्यांच्या भाषांना या द्वैभाषिक प्रांतात अधिकृत स्थान नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जुन्या तहांनुसार मिगमॉंना माफक उपजीविकेसाठी मासे मारून विकण्याचा हक्क आहे. मिरामिची उपसागरावरच्या एस्गेनूपेतित वस्तीतल्या लोकांनी शेवंडीचे सापळे टाकले. ३ ऑक्टोबरला दीडशेच्या सुमारास कोळ्यांच्या होड्या त्या पाण्यात घुसल्या आणि त्यांनी ते सापळे तोडून टाकले. दोनशे वर्षे एकमेकांपासून दूर राहिलेले इंग्रजी आणि फ्रेंच कोळी त्या दिवशी एका बाजूला होते. संघर्ष तीन हंगाम चालला. सरकारी गस्ती नौकांनी मिगमॉंच्या होड्यांना धडका दिल्या. ऑगस्ट २००२ मध्ये करार होऊन तो थांबला. कराराचा कागद होता. तो मिगमॉ भाषेत होता की नाही, हे मी अजून शोधतो आहे.